पाठाबाहेरचं वाक्य

आमच्या देशात चार दिवस फिरून गेलेला माणूस घरी परतला की एकदम शहाणा होतो. आम्ही काय खातो, कशाला घाबरतो, मनातल्या मनात काय म्हणतो, सगळं त्याला कळलेलं असतं. मग तो ते चारचौघांत सांगत सुटतो आणि ऐकणारे म्हणतात, "बापरे, तुम्ही तिथे जाऊन आलात?" धाडस कसलं डोंबलाचं! परतीचं तिकीट खिशात घालून आलेल्या माणसाला धाडस लागत नाही. मी बावीस वर्षं या लोकांना बसमध्ये चढवलं आणि बसमधून उतरवलं, त्यामुळे मला हे बोलायचा हक्क आहे. आता माझी बदली सिमेंटच्या कारखान्यात झाली आहे. याच्याहून खाली पाठवायला जागाच नाही, म्हणून भीतीही राहिलेली नाही. तेव्हा छत्रीबाईंची गोष्ट सांगून टाकते.

त्यांच्या हातात कायम एक मिटलेली पिवळी छत्री असायची. ती पावसासाठी नव्हती. गर्दीत पर्यटकांना आपली बाई कुठे चालली आहे ते दिसावं, म्हणून ती उंच धरायची. एकतीस वर्षं ती धरून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर राहिला होता. बसमध्ये पुढे उभं राहून बोलायचं काम त्यांचं. माझी जागा सगळ्यात मागच्या बाकावर. प्रत्येक गटाबरोबर दोन बायका देतात. पुढची बोलते, मागची लिहिते. पुढची काय बोलली ते मागची लिहिते, हे दोघींनाही माहीत असतं आणि त्याला कुणी चहाडी म्हणत नाही, त्याला काम म्हणतात. मागचीला खात्यात सगळे 'शेपूट' म्हणत. मी बावीसपैकी एकवीस वर्षं शेपूट होते, आणि त्यातली पंधरा छत्रीबाईंची.

येणारे पर्यटक बहुतेक कुंपणापलीकडचे. एकेकाळी सगळा एकच मुलूख होता, मग मधे कुंपण पडलं. पलीकडचे लोक बोलतात तीच भाषा आम्ही बोलतो, त्यामुळे आमच्या खात्यात दुभाषी लागत नाहीत, कान लागतात. बोलायचं काय, ते ठरलेलं होतं. त्याला 'पाठ' म्हणत. एकशे बारा पानं, अगदी कुठे हसायचं तेसुद्धा कंसात लिहिलेलं. पाठाबाहेरचं एखादं वाक्य तोंडून गेलंच, तर शेपटानं ते आपल्या वहीत 'शब्दशः' नावाच्या रकान्यात लिहायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत कार्यालयात द्यायचं.

निळ्या नियमपुस्तिकेतला चौदावा नियम मात्र सगळ्यात चिवट होता. पाहुण्यांसमोर स्वतःबद्दल बोलताना नेहमी 'आम्ही' म्हणायचं. 'आपण' हा शब्द फक्त पाहुण्यांना मान देण्यासाठी. म्हणजे "आपण इथे बसावं" चालेल, पण "आपण इथे बसू" चालणार नाही. आम्ही आणि ते मिळून 'आपण' होऊन बसलो, तर मग कुंपण कशाला बांधलं, असा त्यातला हिशेब. हे शिकवायला प्रशिक्षण शाळेत एक साहेब होते. बारीक आवाजाचे, नाकावर चष्मा, हातात सतत लाल पेन्सिल. त्यांना आम्ही व्याकरणसाहेब म्हणायचो. वहीतल्या वाक्यांचा निवाडाही त्यांच्याकडेच.

नियम पाळता पाळता काय काय व्हायचं! एकदा बस चिखलात रुतली. छत्रीबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि पर्यटकांना म्हणाल्या, "आम्ही ढकलतो. आपणही ढकलावं." जेवायची वेळ झाली की, "आपण जेवावं. आम्हीही जेवू." घरीसुद्धा जिभेला तेच वळण पडलं होतं. एकदा आईला म्हणाल्या, "आम्ही जेवून घेतो आता." म्हातारी खाटेवरून ओरडली, "आम्ही कोण गं? आणि मी कोण, शेजारीण?" हे मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि सांगताना इतक्या हसल्या की छत्री हातातून पडली.

त्या मूळच्या बालवाडीच्या बाई. आवाज खणखणीत आणि पाठांतर पक्कं, म्हणून सव्विसाव्या वर्षी त्यांना उचलून या खात्यात आणलं. लग्न ठरलं होतं. मुलाची उत्तरेकडे बदली झाली आणि पत्रं बंद झाली, एवढंच त्या त्याबद्दल बोलत. मग आई आणि त्या. हॉटेलच्या मागच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. आईनं तीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत काढली होती, आणि लोकर फुप्फुसात जाऊन बसली होती. तिला दिवसातून सहा तास ऑक्सिजन लागायचा. सिलिंडर शहराच्या रुग्णालयातून मिळे, आणि तो फक्त शहरपत्र असलेल्यांना. आईचं शहरपत्र लेकीच्या नोकरीवर. लेक सेवेत आहे तोवर दोघी शहरात. निवृत्त होताना शेरा स्वच्छ असेल तर कायमचं शहरपत्र, मग कुणाच्या बापाची भीती नाही. आणि शेरा खराब असेल तर आठ दिवसांत ट्रक, थेट शहराबाहेर.

मी सांगते त्या वर्षी बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

"शेपटे," त्या सकाळी बसमध्ये चढताना म्हणत, "काल काय काय लिहिलंस माझ्याबद्दल?"

"तुम्ही दोनदा शिंकलात, बाई."

"शब्दशः लिहिलंस ना? नाहीतर एकदाच लिहिशील आणि मला अर्ध्या सर्दीचं औषध मिळेल."

त्या वर्षीच्या एका गटात सतरा जण होते. त्यांत ऐंशीच्या पुढच्या एक आजी आणि त्यांचा पन्नाशीचा मुलगा. आजींच्या खांद्याला कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत सगळ्या जगाचं सामान. मुलाच्या गळ्यात कॅमेरा. नाव घ्यायची माझी इच्छा नाही, कॅमेरावाला म्हणते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. हा प्रत्येक शिपायाला 'दादा' म्हणायचा, ड्रायव्हरला चॉकलेट द्यायचा, आणि रस्त्यात शाळेत जाणारी मुलं दिसली की याचे डोळे भरून यायचे. मुलं शाळेत चालली होती हो, फासावर नाही!

तिसऱ्या दिवशी गटाला 'आदर्श घर' दाखवतात. तीन खोल्या, पडदे, टेबलावर कापड, कपाटात कपबश्यांचे दोन संच. तिथे एक नवरा-बायको असतात. ते खरे नवरा-बायको नाहीत, दोघंही आमच्याच खात्यातले, पाळीवर येतात. पण तिथल्या नळाला दिवसभर गरम पाणी असायचं, हे मात्र खरं. पर्यटक बाहेरच्या खोलीत फोटो काढत असताना बाई स्वयंपाकघरात जाऊन आईच्या शेकासाठी रबरी पिशवी भरून घ्यायच्या. ती पिशवी ब्लाउजच्या वर, शालीखाली बांधायच्या आणि तशाच बसमध्ये चढायच्या. हे मी पंधरा वर्षांत कधीच लिहिलं नाही.

त्या दिवशी आजी सरळ स्वयंपाकघरात आल्या. मागे कॅमेरा घेऊन मुलगा, त्याच्या मागे मी. आजींनी चौफेर पाहिलं. ओटा चकचकीत, डब्यांना पोचा नाही, फडका इस्त्रीचा.

"घर चांगलं आहे," आजी म्हणाल्या, "पण इथे कुणी राहत नाही."

बाई पाठ म्हणू लागल्या, "आमच्या देशात प्रत्येक कुटुंबाला..."

"अगं, ते असू दे. पिशव्यांची पिशवी कुठे आहे?"

"कसली पिशवी?"

"पिशव्यांची. सामानाबरोबर येतात त्या पिशव्या टाकवत नाहीत, मग त्या एका मोठ्या पिशवीत कोंबतात ना बायामाणसं? ज्या घरात ती नाही, त्या घरात माणूस नाही. ती कुठे असते, सांगा बरं?"

आणि मुलगा कॅमेऱ्यामागून म्हणाला, "दारामागे!" त्याच क्षणाला बाईंची मान दाराकडे वळली. आपोआप. एकतीस वर्षं पाठ म्हणणाऱ्या बाईची मान पाठाला न विचारता वळली. दारामागे खिळासुद्धा नव्हता. ते पाहून आजींना हसू फुटलं. मग मुलाला. मग बाईंना असं काही हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी छत्रीचा दांडा ओट्यावर टेकवला आणि हसत हसत म्हणाल्या,

"आपण एकाच घरातले."

एवढंच. मग डोळे पुसले आणि "आपण आता बैठकीच्या खोलीत यावं," असं म्हणून छत्री वर धरली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय लिहिणार आहेस?"

"काही नाही. मी ऐकलंच नाही."

"वेडी आहेस का? तिथे आदर्श घराची बायको होती पडद्यामागे. तिनं ऐकलंय. तू नाही लिहिलंस तर दोघी जाऊ." त्या खाली बसल्या आणि आवाज उतरवला. "जे बोलले तेच लिही. एक अक्षर जास्त नको, एक कमी नको. समोर मायलेक उभे होते, ते दोघं एकाच घरातले आहेतच की. आदरार्थी 'आपण'. व्याकरणसाहेब काही म्हणू शकणार नाहीत. वाक्याला क्रियापदच नाही. मी मुद्दाम नाही ठेवलं, देवानंच ठेवलं नाही. कळलं?"

"कळलं, बाई."

कळलं कसलं! मी स्वतःला अतिशहाणी समजत होते. चार वाजता कार्यालयाच्या लांब बाकावर वही उघडून बसले आणि ते वाक्य लिहिलं. लिहून वाचलं. वाचलं की त्यात ते हसू ऐकू यायचं. मला वाटलं, हे कुणीही वाचलं तरी कळेल की ती सगळ्यांना धरून बोलली. बाईंना व्याकरणावर विश्वास असेल, माझा माणसांवर नव्हता. पेन हातात होतं, ओळीत जागा होती. मी शेवटी एक शब्द वाढवला.

'आपण एकाच घरातले आहात.'

झालं. आता शंकेला जागाच नाही, असं मला वाटलं. वही दिली, सही केली, घरी जाताना हलकं वाटत होतं. मैत्रिणीवर उपकार केल्याचं समाधान असतं ना, ते. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन महिने काही झालं नाही. बाईंच्या निवृत्तीला तीन महिने राहिले. त्यांनी आईसाठी खिडकीपाशी खाट सरकवून घेतली, म्हणजे निवृत्तीनंतर दोघींना बाहेर बघत बसता येईल. मला म्हणाल्या, "छत्री तुलाच देऊन जाणार. खांदा आत्तापासून वर उचलायची सवय कर."

मग एका सकाळी मला भाषा कक्षात बोलावणं आलं. खोलीत पंखा, टेबल, पाण्याच्या ग्लासावर बशी, आणि व्याकरणसाहेब. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

कॅमेरावाल्यानं पलीकडे जाऊन व्हिडिओ टाकला होता. सीमेवर सगळ्यांचे कॅमेरे तपासतात, फोटो पुसतात. यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आईच्या श्रवणयंत्राच्या डबीत लपवलं होतं. हे तो त्या व्हिडिओत स्वतःच सांगत होता, मिशीतल्या मिशीत हसत, चोरून बोरं आणलेल्या पोरासारखा. व्हिडिओचं नाव 'दारामागची बहीण'. वर संगीत. आणि मग बाई. बाईंचं हसणं, डोळ्यांतलं पाणी. आणि त्याचा आवाज: "एवढ्या पहाऱ्यातही, तिनं जीव धोक्यात घालून, रडत रडत आम्हाला सांगितलं, आपण सगळे एकाच घरातले आहोत."

रडत रडत! मेल्या, ती पिशवीला हसत होती! आणि 'सगळे' कुठून आणलास? 'आहोत' कुठून आणलंस? जीव धोक्यात आहे हे तुला माहीत होतं ना? मग तिचा चेहरा साधा धूसर तरी करायचास. पण धूसर चेहऱ्याला लोक रडत नाहीत. तुला रडणारी बहीण हवी होती, ती तू एका दिवसात कमावलीस आणि जगाला दाखवत सुटलास.

तळपायाची आग मस्तकाला जात होती, पण मी हाताची घडी घालून बसून राहिले. साहेबांनी संगीत बंद केलं आणि बाईंचं वाक्य तेवढं पुन्हा लावलं. अकरा वेळा. मग माझी वही उघडली.

"'घरातले'च्या नंतर काय ऐकू येतं तुम्हाला?"

"हसणं."

"'आहात' ऐकू येतं?"

मी वहीतल्या त्या शब्दाकडे पाहत राहिले.

"ते मूर्ख गृहस्थ 'आहोत' म्हणतात. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही, त्यांचं व्याकरण पलीकडचं आहे." साहेबांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. आवाज अगदी शाळेतला होता. "प्रश्न तुमच्या 'आहात'चा आहे. समोर मायलेक उभे होते. वाक्य जसंच्या तसं लिहिलं असतंत, तर मी स्वतः आदरार्थी म्हणून पुढे पाठवलं असतं. वाक्य स्वच्छ होतं. पण तुम्हाला त्याला ठिगळ लावावंसं वाटलं. ज्याअर्थी ठिगळ लावलंत, त्याअर्थी तुम्हाला तिथे भोक दिसलं होतं. तिथे उभ्या असलेल्या, पंधरा वर्षं त्यांना ऐकणाऱ्या बाईला जर त्याचा अर्थ 'आपण सगळे' असा लागला, तर मी कोण तो बदलणार?"

एक शब्द. ज्या शब्दानं मी तिला वाचवायला गेले, त्याच शब्दानं त्यांनी तिला पकडलं. काहीच केलं नसतं तर ती वाचली असती, हे मला समोर बसवून समजावून सांगत होते. आणि मी मान डोलावत होते, कारण शाळेत त्यांच्यापुढे मान डोलवायची सवय लागलेली होती.

"का वाढवलंत?" त्यांनी विचारलं.

त्या वेळी खरं बोलायला हवं होतं. 'त्यांनी मला बजावलं होतं, काही वाढवू नकोस म्हणून. मीच वाढवलं.' पण तेवढ्यानं त्या सुटल्या नसत्या, मीही गेले असते. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि अजून सांगते. खरं हे आहे की मी घाबरले होते.

"ऐकण्यात चूक झाली," मी म्हटलं.

साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. "तुमच्या बाईही हेच म्हणाल्या काल. त्या म्हणाल्या, 'मी सगळ्यांना धरूनच बोलले. शेपटाचे कान कच्चे आहेत, तिला काही कळलं नाही.' खाली त्यांची सही आहे. इथे तुमची करा."

मी सही केली.

आठ दिवसांत ट्रक आला. सिलिंडर ही शहराच्या रुग्णालयाची मालमत्ता, ती शहराबाहेर नेता येत नाही, असं लेखी उत्तर बाईंना मिळालं. ट्रकचा ड्रायव्हर आमच्या बसच्या ड्रायव्हरचा साडू, त्यामुळे पुढचं मला कळलं. म्हातारी पहिल्याच दिवशी दुपारी गेली. वाटेत थांबायची परवानगी नव्हती. बाई पुढचे एकवीस तास आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ड्रायव्हर म्हणाला, पोहोचल्यावर त्यांना खाली उतरता येईना, पाय मेले होते. त्यांना कुठल्या गावात ठेवलंय ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

छत्री मला मिळाली. खोलीही मलाच मिळाली. पुढचीच्या जागेबरोबर ती खोली येते, असा नियम आहे. कुलूप उघडून आत गेले तेव्हा खाट खिडकीपाशीच होती. दार लावलं, तर दारामागच्या खिळ्याला पिशव्यांची पिशवी लटकत होती. कुणी काढली नव्हती. मीही काढली नाही. रोज दार लावताना ती खसखस वाजायची.

एक वर्ष मी ती छत्री धरली. माझ्या मागच्या बाकावर नवी मुलगी आली. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ऐकशील ते लिही. एक अक्षर जास्त नको, एक कमी नको. दया आली तर वही मिटून पाणी पी." पर्यटक दुप्पट झाले होते. त्या व्हिडिओनं! पलीकडच्या प्रत्येकाला दारामागची बहीण बघायची होती. कार्ड चोरून नेलं म्हणून कॅमेरावाल्याला बंदी होईल, असं मला वाटलं होतं. उलट दुसऱ्या वर्षी त्याला परवाना मिळाला. त्याच्यामुळे हॉटेल भरलं होतं ना.

तो एकटाच आला. विमानतळावर पिवळी छत्री पाहून धावतच आला आणि मला पाहून थबकला.

"त्या बाई कुठे आहेत?"

याचं उत्तर पाठात होतं. नव्यानं घातलेलं, पान एकशे तेरा. "त्या निवृत्त झाल्या," मी म्हटलं.

"अरे वा! मग घरी असतील. मला भेटता येईल? पाच मिनिटं. हे बघा ना, आईनं पाठवलंय." त्यानं बॅगेतून एक गोष्ट काढली. निळ्या कापडाची, हातानं शिवलेली लांब पिशवी, वर टांगायला नाडी, खाली पिशव्या ओढून काढायला भोक. "आईनं मुद्दाम शिवलीय. म्हणाली, त्या पोरीला दे, दारामागे लाव म्हणावं. आई आता येऊ शकत नाही. पण रोज आठवण काढते." त्याचे डोळे भरून आले. तयारच असायचे. "आणि त्यांना सांगा, दहा लाख लोकांनी त्यांना पाहिलं. दहा लाख! त्यांना कळलं का हो?"

शिवण फार नीट होती. ऐंशीच्या पुढच्या बाईनं घातलेले टाके, एकसारखे. त्या टाक्यांकडे बघता बघता माझं डोकं फिरलं. आसपास पंधरा पर्यटक सामान मोजत होते. नवी मुलगी दोन पावलं मागे, हातात वही.

"कळलं त्यांना," मी म्हटलं. "त्यांच्या आईचा ऑक्सिजन काढला आणि ट्रकमध्ये घातलं. ती वाटेत मेली. एका वाक्यासाठी मेली."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणी... कुणी मारलं?"

"आपण मारलं," मी म्हटलं.

"आपण म्हणजे?" तो पुटपुटला. "मी?"

मी निळी पिशवी त्याच्या हातातून घेतली, छत्री वर धरली आणि सगळ्यांना म्हटलं की आपण बसमध्ये बसावं.

दुसऱ्या दिवशी तीच खोली, तोच पंखा, ग्लासावर बशी. नव्या मुलीची वही टेबलावर उघडी होती. 'शब्दशः'च्या रकान्यात गोल, स्वच्छ अक्षरात 'आपण मारलं' एवढंच. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. मुलगी हुशार आहे.

व्याकरणसाहेबांनी ते दोनतीनदा वाचलं. मला वाटतं, त्यांना माझी थोडी कीव आली असावी.

"'मारलंत' असतं तर सोपं होतं," ते म्हणाले. "पण 'मारलं' दोन्हीकडे लागतं. आदरार्थी घेतलं तर तुम्ही त्या गृहस्थांना बोललात. पाहुण्याशी उद्धटपणा, तीन महिने छत्री बंद, खोली राहील. सगळ्यांना धरून घेतलं तर मग मला काही करता येणार नाही. नीट विचार करून सांगा." त्यांनी लाल पेन्सिल उचलली. "'आपण' म्हणजे कोण?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"आपणच, साहेब."